संख्यांवर प्रेम करणारे शिक्षक

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडिलांनी त्यांना वाढवले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यांची आकडेमोड पाहून लहान दत्तात्रेयला संख्यांची गोडी लागली.

त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. पुढे १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवले.

घाटकोपर, मुलुंड, ठाणे मागे टाकून लोकल गाडी डोंबिवलीला पोहोचते. या स्थानकावर कापरेकरांना एका नव्या प्रकारच्या संख्या सुचल्या. स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना डेम्लो संख्या म्हटले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. असे करत नऊ वेळा १ लिहून वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. ती डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, सारखीच! तिच्या अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४ आहे. १९९५ हे साल घ्या. त्याचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९९५१ आणि चढत्या क्रमाने मांडले की १५९९. वजाबाकी ८३५२ येते. पुन्हा तसेच करा : ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच.

कापरेकरांकडे मोठी पदवी नव्हती. अनेक विद्वानांना त्यांचे काम केवळ खेळ वाटे. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नसे, म्हणून ते शिकवण्या करत. तरीही त्यांनी संख्यांची संगत सोडली नाही. १९७५ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लेख लिहिला आणि सत्तर वर्षांच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. आज ६१७४ ला सारे जग कापरेकर स्थिरांक म्हणते.

स्वाध्याय
१. कापरेकरांना संख्यांची गोडी कशी लागली?
२. हर्षद संख्या म्हणजे काय?
३. आपल्या जन्मसालापासून ६१७४ पर्यंत किती वजाबाक्या लागतात, ते करून पाहा.