टिळकांच्या घराचे उघडे दार



बारावीचा निकाल लागला की आपल्या खेड्यापाड्यांतील मुले-मुली बॅगा भरून नगर, संगमनेर, पुण्याची वाट धरतात. गावी वेदीसेवक म्हणून उभा राहणारा मुलगा शहरात कोणत्या चर्चमध्ये जातो, कोणाजवळ मन मोकळे करतो, हे आपल्याला ठाऊक नसते. एके काळी कॉलेजच्या मुलांसाठी शिबिरे, अभ्यासवर्ग होत. आज ते काम पार मंदावले आहे. अशा वेळी आम्हाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होते. ते आपल्या कॅथोलिक पंथाचे नव्हते. पण त्यांची भक्तिगीते सर्व मराठी ख्रिस्ती जनांची आहेत आणि त्यांची कर्मभूमी तर आपले नगरच.

६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगावी त्यांचा जन्म झाला. तरुणपणी मनाला स्वस्थता नव्हती. गावोगाव फिरावे, शिकवावे, कविता कराव्यात आणि खरा धर्म कोणता याचा शोध घ्यावा, असे दिवस चालले होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्याशी आपुलकीने गप्पा मारल्या आणि नव्या कराराची प्रत हाती दिली. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना वेड लावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नातेवाईक दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षे वियोग घडला. पुढे त्या नगरला आल्या आणि त्यांनीही प्रभूचा स्वीकार केला.

नगरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात टिळक शिकवीत. पण त्यांचे खरे विद्यालय म्हणजे त्यांचे घर. गरजू मुलांना तिथे आसरा मिळे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोंबरे हा गरीब मुलगा बालकवी म्हणून गाजला. पुढे तो नगरला टिळकांकडे राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवेफुगवे आईच्या मायेने सोसले. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले, पण म्हणून त्या घरातील माया आटली नाही. १९१७ साली टिळकांनी देवाचा दरबार स्थापला, त्याचेही दार सर्वांना खुले होते. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूच्या घरी गेले.

या जीवनातून आपण काय घ्यावे? आगगाडीतला तो प्रवासी आठवा. त्याच्यापाशी ना सभागृह होते, ना निधी. त्याने फक्त शेजारी बसलेल्या माणसाची विचारपूस केली. विद्यार्थ्यांमधील सेवा मंदावली ती पैशाअभावी नव्हे, तर आपण विचारपूस करणे सोडले म्हणून, असे आम्हाला वाटते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ च्या आपल्या प्रबोधनपत्रात तरुणांबरोबर चालण्याचे आवाहन केले होते.

तेव्हा यंदा एवढे तरी करू या. मुलगा किंवा मुलगी शहरात निघाली की तिथल्या धर्मगुरूंना आधी कळवू या. आणि शहरातील कुटुंबांनी रविवारच्या मिस्सेनंतर एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या घरी जेवायला न्यावे. भाजी-भाकरीही पुरे. टिळकांच्या घरीही पक्वान्ने नव्हती, पण दार उघडे होते.

प्रभू आपल्या लेकरांना सांभाळो आणि आपली दारे उघडो. आमेन.