दुष्काळातून मुक्तीकडे : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, ही त्या काळची रूढी मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती भाषा शिकवली. लक्ष्मीबाईंनी ते ज्ञान आपल्या लेकीला दिले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरत असे.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. अन्नावाचून वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ एक गेली. सोळा-सतरा वर्षांच्या रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाले. पांघरायला वस्त्र नव्हते. झेलम नदीच्या काठी दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि थंडीपासून बचाव व्हावा म्हणून अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या.

१८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु दुःख सरले नव्हते. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. पदरी लहानगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. समाजाने पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम त्यांनी लंडनमध्ये पाहिले. अशा स्त्रियांना कोणी प्रेमाने जवळ करते, याचे त्यांना नवल वाटले. या करुणेचे मूळ येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीत आहे, हे उमगल्यावर त्यांना नवी आशा लाभली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यात आले. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून मोठा वाद उठला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी मात्र काम सोडले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमारीने खंगलेल्या मुली पाहताच रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. हाती पैसा थोडा होता. पण देव वाट दाखवील, या श्रद्धेने त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना केडगावच्या शेतावर नेण्यात आले. तेथेच ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. लिहिणे-वाचणे, शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकून त्या मुली स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

उतारवयात रमाबाईंना ऐकू येईनासे झाले. तरीही हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून त्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला. तो आघात सोसूनही त्यांनी हाती घेतलेले भाषांतर पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.

ज्यांना स्वतःला भुकेच्या वेळी आसरा मिळाला नव्हता, त्या रमाबाई शेकडो निराधारांचा आसरा झाल्या. श्रद्धेने त्यांचे दुःख नाहीसे केले नाही; ते दुःख सोसून इतरांचे अश्रू पुसण्याचे बळ त्यांना दिले.