अबे, किती झूम करशील?

गॅदरिंगला शेवटच्या रांगेतून मोबाइलचा झूम ताणून मित्राचा फोटो काढला. चेहरा मोठा आला, पण नाक कुठलं नि डोळा कुठला कळेना! डिजिटल झूममध्ये आहेत तेच पिक्सेल फुगतात, नवा तपशील येत नाही. भिंगाचं असंच दुखणं १८७३ साली मांडलं अर्न्स्ट अबेनं. (आडनाव वाचून विंगेतली हाक आठवली ना?)

जन्म १८४०, जर्मनीतलं आयझेनाख. वडील सूतगिरणीत रोज १४ ते १६ तास उभे. पोरगा डबा घेऊन जायचा, ते मशिनला टेकूनच जेवायचे. १८६६ साली कार्ल झाइसनं त्याला येनाच्या कारखान्यात कामाला घेतलं. तिथे सूक्ष्मदर्शकाची भिंगं कारागीर अंदाजाने जुळवत. अबेनं रीतसर गणित केलं, आणि पहिली भिंगं जुन्यांहून खराब निघाली! कारण शोधताना कळलं, भिंगाचं तोंड लहान ठेवलं की बारकाव्यांचा तिरपा प्रकाश आत येतच नाही. आणि कितीही चांगलं भिंग घ्या, प्रकाशाच्या साधारण अर्ध्या तरंगलांबीहून बारीक काही सुटं दिसत नाही. पुढे चित्र नुसतं मोठं होतं.

कारखान्यात तो भागीदार झाला, पैसा आला. १८९१ साली मालकीचा हिस्सा त्यानं झाइसच्या नावाच्या फाउंडेशनला देऊन टाकला. १९०५ साली तो गेला. त्याआधी, १९०० मध्ये, कारखान्यातला दिवस त्यानं ८ तासांवर आणला होता. मला सूत्रापेक्षा हेच जास्त भावलं. वडिलांचा डबा तो विसरला नव्हता.