रेल्वेत मिळालेले पुस्तक



रेल्वेतल्या ओळखी आपल्या मनमाडला नव्या नाहीत. कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्याला अशाच एका ओळखीने वळण दिले.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगावी झाला. आईच्या मृत्यूनंतर ते नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. पुढे नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांत रमले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि वाचण्याचे वचन घेतले. पुस्तक फारसे रुचले नाही, पण शब्द दिला होता ना! हाती पेन्सिल घेऊन, खुणा करीत ते वाचू लागले. प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. तो प्रवासी कोण, हे टिळकांना कधीच कळले नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. मग परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

जुने वाचन मात्र टिळकांनी टाकले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. म्हणूनच इंग्रजी चालींवरच्या भाषांतरित गीतांच्या त्या काळात त्यांनी प्रभूची भक्ती अभंगांत आणि ओव्यांत गायिली. ते प्रॉटेस्टंट पंथाचे; पण मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या भाषेत प्रार्थना गाता आली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

९ मे १९१९ रोजी ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्यांना त्यांनीच लिहा-वाचायला शिकवले, त्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले.