समाजस्वास्थ्याचे व्रती : र. धों. कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. त्या काळी अशा रीतीने अनेक स्त्रियांचे आयुष्य अकाली संपत असे. परंतु या विषयावर उघडपणे बोलणे अशिष्ट मानले जाई.

रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले. गणितातील काटेकोर विचारपद्धती त्यांनी समाजाच्या आरोग्यालाही लावली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि पुढे या विषयावर मराठीत शास्त्रीय ग्रंथ लिहिला. या कार्यामुळे त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. अशा काळात पत्नी मालतीबाईंनी त्यांना खंबीर साथ दिली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही दंड झालाच. मासिक मात्र त्यांनी अखेरपर्यंत चालवले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या कार्यापायी त्यांची नोकरी गेली, तेच कार्य १९५२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम म्हणून हाती घेतले होते.