मुसा रेमंड : नळी आणि नेम

हैदराबादेत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस गनफाउंड्री हा भाग ठाऊक नाही, असे सहसा होणार नाही. फत्ते मैदानाच्या आसपास वावरताना हे नाव प्रत्येकाच्या कानांवर पडते. जुन्या लोकांच्या तोंडी त्याच ठिकाणाचे नाव ‘तोप का सांचा’ असे आहे. परंतु ज्या तोफांच्या कारखान्यावरून हे नाव पडले तो कोणी उभारला, असे विचारले असता वर्गात फार थोडे हात वर होतात. म्हणून त्या पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मिशेल जोआकिम मारी रेमंड याचा जन्म १७५५ साली फ्रान्स देशातील सेरिन्याक या गावी झाला. घराणे व्यापाऱ्याचे. १७७५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तो माल घेऊन पाँडिचेरीस आला. परंतु दुकानात त्याचे मन रमले नाही. थोड्याच काळात त्याने तराजू खाली ठेवला व तलवार हाती घेतली. म्हैसूरकरांच्या फौजेतील फ्रेंच तुकडीत त्याने पहिले धडे गिरविले. पुढे १७८३ साली बुसी हा नामांकित फ्रेंच सेनापती हिंदुस्थानात परत आला, तेव्हा रेमंड त्याच्या हाताखाली गेला. १७८५ साली बुसी वारला आणि त्यानंतर लवकरच रेमंडने हैदराबादचे निजाम अलीखान यांची चाकरी पत्करली.

आरंभ अगदी लहान होता. शिपाई अवघे तीनशे, आणि त्यांच्या बंदुकाही भाड्याने आणलेल्या, असे इतिहासकार नमूद करतात. दर महिन्यास भाडे भरावयाचे आणि दुसऱ्याच्या हत्याराने लढावयाचे, अशी ती स्थिती होती. ज्याची नळी परक्याची त्याचा नेमही परक्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो, हे या व्यापाऱ्याच्या पुत्राने अचूक ओळखले. त्याच्या पुढील साऱ्या उद्योगाचे मर्म येथेच सापडते. कवायती पलटणी वाढत वाढत चौदा हजारांच्या घरात गेल्या आणि त्यांच्यासाठी हैदराबादेतच तोफा ओतण्याचा कारखाना उभा राहिला.

तोफ ओतणे म्हणजे धातूचा रस साच्यात ओतला की झाले, अशी समजूत असेल तर ती सोडावी. खरी परीक्षा नळीच्या पोकळीची असते. पूर्वी साच्याच्या मध्यभागी मातीचा गाभा उभा करून त्याभोवती रस ओतीत असत. ओतताना तो गाभा सुताभर जरी हलला, तरी पोकळी एका अंगास जाई आणि नळीची भिंत एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ राही. अशी तोफ नेम तर चुकवीच, पण कधीकधी फुटून आपल्याच गोलंदाजाचा प्राण घेई. म्हणून अठराव्या शतकात मारित्झ नावाच्या स्विस कारागिराने, प्रथम भरीव तोफ ओतून मग ती यंत्राने पोखरण्याची रीत फ्रान्समध्ये रूढ केली. त्यामुळे पोकळी सरळ व एकसारखी होऊ लागली.

तरीही एक दोष उरलाच. गोळा नळीत सहज उतरावा म्हणून तो पोकळीपेक्षा किंचित लहान ठेवावा लागे. बार उडताच तो नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूस बसेल तिच्या उलट दिशेस वळे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली आपल्या ग्रंथात या विद्येचे शास्त्र मांडले आणि पुढे नळीच्या आत पिळदार आटे पाडण्याचा पुरस्कार केला. आट्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरते व आपली दिशा सोडीत नाही. हाच रॉबिन्स १७५१ साली आपल्या देशातच, कडलूरजवळील किल्ल्यात, मरण पावला. रेमंडच्या काळच्या पलटणींच्या बंदुका मात्र बहुधा गुळगुळीत नळीच्याच असत. त्यामुळे एकट्या शिपायाच्या नेमापेक्षा साऱ्या रांगेने एकाच वेळी बार काढण्यावर भर असे, आणि कवायतीचे महत्त्व त्यातूनच उपजले.

या सर्व तयारीची कसोटी ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या मैदानावर लागली. खर्ड्याचा विजय आम्ही मराठी भाषिक मोठ्या अभिमानाने शिकतो व शिकवितो. नाना फडणविसांनी साऱ्या सरदारांस एकत्र आणिले होते आणि सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. शिंद्यांच्या कवायती पलटणी पेरां या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली होत्या. म्हणजे दोन्ही बाजूंस फ्रेंच शिस्त समोरासमोर उभी ठाकली होती. रेमंडच्या पलटणी त्या दिवशी पाय रोवून लढल्या. परंतु निजामांचे घोडदळ विस्कळीत झाले, खुद्द निजामांचा धीर सुटला आणि माघारीचा हुकूम निघाला. रात्री घबराट पसरून फौज खर्ड्याच्या गढीत कोंडली गेली व लवकरच शरणागती पत्करावी लागली. ज्यांच्या नळ्या सरळ होत्या त्यांचाही पराभव झाला, कारण हुकूम देणाऱ्याचे मनच स्थिर नव्हते.

शत्रुपक्षाकडील म्हणून रेमंडचे श्रेय नाकारणे न्यायाचे होणार नाही. त्याच वर्षी निजामांचा पुत्र अलीजाह याने बंड केले, तेव्हा ते मोडण्यास रेमंडच कामी आला. त्याचे वजन इतके वाढले की इंग्रजांस त्याची धास्ती वाटू लागली. परंतु २५ मार्च १७९८ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यास मृत्यूने गाठले. सप्टेंबरात निजामांनी इंग्रजांशी तह केला आणि ऑक्टोबरात त्याच्या पलटणींनी शस्त्रे खाली ठेविली. बारा वर्षांच्या खटपटीने उभारलेले सैन्य रणांगणावर न हरता एका कागदाने नाहीसे झाले.

मागे राहिले ते लोकांचे प्रेम. ‘मस्यो रेमंड’ या नावाचे हिंदूंनी ‘मुसा राम’ केले, तर मुसलमानांनी ‘मुसा रहीम’. मुसारामबाग हे नाव त्याचीच आठवण देते. जवळच्या टेकडीवर त्याची समाधी व उंच स्तंभ आहे आणि पुष्कळ वर्षे तेथे त्याच्या पुण्यतिथीस लोक जमत असत.

आमचे विद्यार्थी राष्ट्रीय छात्रसेनेत बंदुकीचा सराव करतात. पन्नास मीटरवरच्या रायफल नेमबाजीत दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरांचे असते. नळीतील आटे, तिची जाडी व तिचा सरळपणा ही कारागिराची कामगिरी होय. परंतु चाप ओढताना श्वास व मन स्थिर ठेवणे हे ज्याचे त्यानेच करावयाचे असते. कारागिराने सरळ केलेल्या नळीला स्थिर मनाची जोड नसेल तर काय होते, हे खर्ड्यास दिसून आले. गनफाउंड्रीवरून जाताना त्या पडक्या भिंतींकडे क्षणभर पाहावे आणि हे स्मरावे, इतकीच आमची इच्छा आहे.