तुर्कांचा मोल्सवर्थ : जेम्स रेडहाउस

इंग्रजीतले ‘गेट’ हे क्रियापद अवघ्या तीन अक्षरांचे. गेल्या वर्षीच्या चाचणीत त्यानेच माझी फजिती केली. ‘गेट’ म्हणजे मिळणे, एवढेच मला ठाऊक. त्याच्यापुढे ‘अप’ आले की उठणे, ‘ऑन’ आले की चढणे, ‘ऑफ’ आले की उतरणे, ‘ओव्हर’ आले की दुखण्यातून सावरणे, हे मला घरी कोण सांगणार? आमच्या घरात इंग्रजी पुस्तक आले तेच माझ्याबरोबर. पुढे ग्रंथालयात जाडजूड शब्दकोश उघडून पाहिला, तर मोठमोठ्या अवघड शब्दांना एकेक ओळ आणि या एवढ्याशा शब्दाला भली मोठी जागा! तेव्हापासून कोश रचणाऱ्या माणसांविषयी कुतूहल वाटू लागले. मोल्सवर्थ आणि कँडी यांची नावे आपण प्राध्यापकांच्या तोंडून ऐकतो. तुर्कस्तानात असाच मान ज्याच्या नावाला आहे, त्या जेम्स रेडहाउसची ही हकीगत.

रेडहाउसचा जन्म ३० डिसेंबर १८११ रोजी लंडनजवळ झाला. शिक्षण झाले ते ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ या शाळेत. नाव दवाखान्याचे असले तरी ती गरजू कुटुंबांतील मुलांसाठी धर्मादायातून चालणारी जुनी शाळा होती. १८२६ साली, पंधरावे वर्ष चालू असतानाच तो इस्तंबूलला पोहोचला. विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. उस्मानी सरकारात त्याला नकाशे-आराखडे काढण्याचे काम मिळाले आणि कामाच्या जागीच तो तुर्की शिकला.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. त्याच वर्षी सुलतान महमूद दुसरा याने जुनी जॅनिसरी फौज मोडून काढली. १८२१ च्या ग्रीक बंडानंतर दरबारातले पिढीजात ग्रीक दुभाषे विश्वासातून उतरले होते आणि परकी भाषा जाणणाऱ्या माणसांची सरकारला निकड होती. रेडहाउसला संधी मिळाली ती अशी.

त्याने तुर्की, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांचा कोश रचायला घेतला आणि १८३४ मध्ये तो छापण्यासाठी लंडन गाठले. पण तेवढ्यात बियांकी या फ्रेंच पंडिताचा तुर्की-फ्रेंच कोश पुढे आला आणि रेडहाउसचे बाड तसेच राहिले. तेविशीच्या आतबाहेरचा तरुण, वर्षांची मेहनत आणि हाती काही नाही. दुसरा एखादा या नादाला पुन्हा लागला नसता. रेडहाउस १८३८ मध्ये पुन्हा इस्तंबूलला गेला आणि वजीर व परराष्ट्रमंत्री यांचा दुभाषा झाला. गंमत अशी की १८५१ साली तेथे विद्वानांचे मंडळ स्थापन झाले, तेव्हा बियांकी आणि रेडहाउस दोघेही त्याचे सभासद झाले.

१८४३ ते १८४७ ही वर्षे त्याने एर्झुरूम येथे काढली. तुर्कस्तान आणि इराण यांच्या सरहद्दीचा तंटा तेथे मिटवला जात होता आणि रेडहाउस ब्रिटिश प्रतिनिधींचा दुभाषा होता. क्रियापदाचा अर्थ चुकला तर माझा एक गुण जातो. तिथे सरहद्दच इकडची तिकडे झाली असती! मला वाटते, शब्दाचा नेमका अर्थ हुडकण्याची त्याची सवय अशा बैठकांतच पक्की झाली असावी. १८५३ मध्ये तो कायमचा लंडनला परतला. क्रिमियाचे युद्ध चालू असताना, १८५५ मध्ये, त्याने बोली तुर्कीचे एक छोटे हातपुस्तकही काढले.

१८६१ चा त्याचा इंग्रजी-तुर्की कोश अमेरिकन मिशनसाठी तयार झाला. इथे अडचण काय येते ते पाहण्याजोगे आहे. तुर्कीची ठेवण आपल्याला परकी वाटत नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी. नामाला ‘एत्मेक’ म्हणजे करणे किंवा ‘ओल्माक’ म्हणजे होणे जोडले की नवे क्रियापद तयार. किताब, कलम, दुनिया हे शब्द थोड्याफार फरकाने त्यांच्याकडेही आहेत. पण इंग्रजी क्रियापदामागे येणारे ते अप, ऑन, ऑफ तुर्कीत नाहीत. उठायला काल्कमाक, गाडीत चढायला बिन्मेक, उतरायला इन्मेक, सवय व्हायला आलिश्माक. इंग्रज जिथे एका ‘गेट’वर भागवतो तिथे तुर्काची चार वेगळी क्रियापदे. इंग्रजी शिकणारा तुर्क ‘गेट’ म्हणजे आल्माक, म्हणजे घेणे-मिळणे, एवढेच धरून बसला तर तो माझ्यासारखाच फसणार. म्हणून कोशकाराला एकेका अर्थाचे धागे सोडवून प्रत्येकासमोर वेगळा शब्द मांडावा लागतो. तुर्कही क्रियापदाला क्रियापद जोडतो, पण आपल्या पद्धतीने. बाकमाक म्हणजे बघणे, काल्माक म्हणजे राहणे. दोन्ही मिळून बाकाकाल्माक, थक्क होऊन बघत राहणे. एका पुस्तकात हे वाचले आणि मीच बघत राहिले.

मोठे काम अजून व्हायचे होते. १८९० साली इस्तंबूलला त्याचा तुर्की-इंग्रजी कोश निघाला. दोन हजारांवर पाने, आणि कर्ता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्याआधी १८८४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्याला सन्मानाची डॉक्टरेट दिली होती आणि १८८८ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली होती. जानेवारी १८९२ मध्ये लंडनला तो वारला. याहूनही अवाढव्य असा एक कोश तो रचत होता. तो अपुराच राहिला आणि त्याची हस्तलिखिते ब्रिटिश म्युझियममध्ये गेली.

१९२८ मध्ये तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेतली. रेडहाउसचे सारे शब्द जुन्या लिपीत. तेव्हा त्याचे नाव मागे पडायला हवे होते. पण १९५० मध्ये इंग्रजी-तुर्की आणि १९६८ मध्ये तुर्की-इंग्रजी असे सुधारून वाढवलेले कोश निघाले, ते त्याच्याच नावाने. १९६८ च्या कोशात नव्या लिपीतल्या शब्दाशेजारी तोच शब्द जुन्या लिपीतही छापला आहे.